पत्ता सापडला, तर माणूस सापडतो
(टोकियो विद्यापीठाच्या स्थलीय माहिती विज्ञान केंद्राच्या कार्याचा परिचय करून देणाऱ्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१७ जानेवारी १९९५ची पहाट. घड्याळात ५ वाजून ४६ मिनिटे झाली होती. जपानच्या पश्चिम भागातील कोबे शहर आणि समोरचे आवाजी बेट भूकंपाने हादरले. जपानी वेधशाळेने त्याची तीव्रता ७.३ नोंदविली. ६ हजार ४३४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी बहुतेक जण झोपेत होते आणि स्वतःच्याच घराच्या छपराखाली गाडले गेले.

या भूकंपाचे केंद्र आवाजी बेटाच्या उत्तर टोकाजवळ होते. तेथे होकुदान नावाचे एक छोटे गाव होते. मासेमारी आणि शेती करणाऱ्यांची ही वस्ती. जमीन जेथे प्रत्यक्ष फाटली, ती भेग याच गावाच्या हद्दीत आजही जतन करून ठेवलेली आहे. गावातील असंख्य घरे जमीनदोस्त झाली आणि सुमारे ३०० माणसे ढिगाऱ्याखाली अडकली. बाहेरची मदत पोहोचण्यास वेळ लागणार होता. तथापि, गावातील स्वयंसेवी अग्निशमन पथकाचे तरुण आणि शेजारीपाजारी त्याच क्षणी कामाला लागले आणि दुपारपर्यंत गावात एकही माणूस बेपत्ता उरला नाही.

हे कसे घडले? त्यांच्याकडे यंत्रसामग्री नव्हती. परंतु कोणत्या घरात किती माणसे राहतात, त्या घरातील आजोबा कोणत्या खोलीत झोपतात, त्यांचे अंथरूण कोणत्या भिंतीलगत असते, हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. ढिगारा कोठून उपसायचा, याचा विचार करण्यात त्यांचा एक क्षणही वाया गेला नाही. माणूस कोठे आहे, एवढी एकच माहिती त्यांच्यापाशी होती आणि तीच त्या दिवशी जीवनदायी ठरली.

समोरच्या किनाऱ्यावरील कोबे शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे १५ लाख होती. तेथेही वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना शेजाऱ्यांनी आणि नातलगांनीच बाहेर काढले. परंतु महानगरात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत नाही. होकुदानच्या शेजाऱ्याला जे सहज ठाऊक होते, ते महानगराला कसे ठाऊक व्हावे? आजच्या विषयाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

माहिती होती, पण विखुरलेली

आधुनिक शहराजवळ माहितीची वानवा नसते. पाणीपुरवठा विभागाकडे नळवाहिन्यांचे नकाशे असतात, कर विभागाकडे इमारतींच्या नोंदी असतात, आरोग्य विभागाकडे रुग्णांच्या याद्या असतात. अडचण अशी, की प्रत्येकाची वही वेगळी, प्रत्येकाचा नकाशा वेगळ्या मापाचा आणि प्रत्येकाचे कपाट स्वतंत्र. संकटाच्या प्रसंगी या सर्व नोंदी एकमेकींसमोर आणाव्या लागतात आणि नेमके तेव्हाच ते साधत नाही.

कोबेच्या नागाता प्रभागाची भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत अपरिमित हानी झाली. पडलेली घरे सरकारी खर्चाने पाडून ढिगारा उचलावा, यासाठी नागरिकांच्या अर्जांची रीघ लागली. कोणते घर कोणाचे, शेजारच्या घराचा अर्ज आला आहे काय, अरुंद गल्लीतून यंत्र आधी कोठे न्यावे, हे कागदांच्या गठ्ठ्यांतून उमगत नव्हते. तेव्हा क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रभाग कार्यालयात जाऊन हे अर्ज संगणकावरील नकाशाशी जोडून दिले. प्रत्येक अर्ज नकाशावरील आपापल्या घरावर जाऊन बसला आणि कामाला वेग आला.

या अनुभवाची दखल जपानच्या शासनाने घेतली. १९९५च्या सप्टेंबर महिन्यातच भौगोलिक माहिती प्रणालीविषयी विविध मंत्रालयांची एक समन्वय समिती स्थापन झाली. अशा वातावरणात एप्रिल १९९८मध्ये टोकियो विद्यापीठात स्थलीय माहिती विज्ञानाचे संशोधन केंद्र सुरू झाले. प्रा. अत्सुयुकी ओकाबे हे त्याचे पहिले संचालक. टोकियोच्या शेजारच्या चिबा प्रांतातील काशिवा येथील विद्यापीठ-परिसरात आज हे केंद्र कार्यरत आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘अवकाशीय’ हा शब्द ऐकताच ग्रहतारे आणि अग्निबाण डोळ्यांपुढे येतात. या केंद्राचा अभ्यासविषय मात्र पृथ्वीवरचा आहे. कोणतीही गोष्ट कोठे आहे, तिच्या आसपास काय आहे, ती कोठून कोठे सरकते, या माहितीचे संकलन, विश्लेषण आणि उपयोजन म्हणजे स्थलीय माहिती विज्ञान. भूगोल, गणित, संगणकशास्त्र, नगररचना आणि अर्थशास्त्र या ज्ञानशाखा येथे एकत्र नांदतात.

पत्त्यापासून प्रारंभ

केंद्राच्या कार्यातील एक पायाभूत काम वरकरणी अगदी किरकोळ वाटेल. ते आहे पत्त्याचे.

जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावे नसतात. पत्ता लिहिताना विभाग, उपविभाग, घरांचा गट आणि मग घराचा क्रमांक अशी उतरंड असते. जुन्या पद्धतीत हे क्रमांक जमिनीच्या नोंदणीच्या क्रमाने पडत असल्याने पाचव्या क्रमांकाशेजारी सहावा असेलच, याची शाश्वती नसे. १९६२मध्ये कायदा करून शहरी भागांत या क्रमांकांना शिस्त लावण्यास आरंभ झाला. तरीही लिहिण्याच्या रीती अनेक राहिल्या. संगणकाच्या दृष्टीने असा पत्ता म्हणजे केवळ अक्षरांची रांग असते. ती रांग वाचून तिचे अक्षांश-रेखांशांत रूपांतर करावे लागते, तेव्हाच ती नकाशावर उमटते.

केंद्राने हे रूपांतर करणारी सेवा विकसित केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. एखाद्या संशोधकाजवळ हजारो रुग्णालयांची, शाळांची किंवा दुकानांची यादी असेल, तर ती या सेवेस सोपवावी. प्रत्येक ओळीपुढे तिचे स्थान लिहून परत मिळते. या एका सोयीमुळे ज्या याद्या आजवर मुक्या होत्या, त्या परस्परांशी बोलू लागल्या. वृद्धांची यादी आणि दवाखान्यांची यादी एकाच नकाशावर ठेवली, की कोणत्या वस्तीतील वृद्धांना दवाखाना दूर पडतो, हे निराळे सांगावे लागत नाही.

पत्त्याचे महत्त्व मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. ‘मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या पाराजवळ, पाटलांच्या वाड्यासमोर’ हा पत्ता टपाल घेऊन येणाऱ्या पोस्टमनला पुरतो. पण रात्री दोन वाजता परगावाहून आलेल्या रुग्णवाहिकेच्या चालकाला तो पुरत नाही. गावाच्या स्मृतीतील पत्ता आणि यंत्राला कळणारा पत्ता यांच्यामध्ये जो पूल बांधावा लागतो, तो बांधण्याचे काम म्हणजे हे शास्त्र.

‘जवळ’ म्हणजे नेमके किती?

प्रा. ओकाबे यांचे मूळ संशोधन एका साध्या प्रश्नाभोवती फिरते. एखाद्या भागात अनेक शाळा असतील, तर कोणत्या घराला कोणती शाळा सर्वांत जवळची? त्यानुसार सगळ्या प्रदेशाची वाटणी केली, तर जी क्षेत्रे तयार होतात, त्यांचे गणित त्यांनी सहकाऱ्यांसह सांगोपांग मांडले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९९२मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर संदर्भग्रंथ म्हणून मान्यता पावला.

परंतु पक्ष्यासारखे सरळ उडून जाणे माणसाला शक्य नसते. त्याला रस्त्यानेच जावे लागते. दाभोळच्या खाडीच्या एका तीरावरून पलीकडचे धोपावे डोळ्यांना स्पष्ट दिसते. पण फेरीबोट नसेल, तर मोटारीला चिपळूणचा वळसा घालावा लागतो. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर तेथे निरुपयोगी ठरते. म्हणूनच ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यांच्या जाळ्यावरून प्रत्यक्ष अंतर मोजून विश्लेषण करण्याच्या पद्धती विकसित केल्या, त्यासाठी संगणकप्रणाली तयार केली आणि ती अभ्यासकांच्या हाती दिली. अपघात कोणत्या रस्त्यांवर एकवटतात, दुकाने कशाच्या आश्रयाने वाढतात, अशा प्रश्नांची उकल तिच्या साह्याने करता येते.

या विचाराची परंपरा जुनी आहे. १८५४मध्ये लंडनमध्ये पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यू नकाशावर मांडला आणि मृत्यूंची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाभोवती असल्याचे दाखवून दिले. त्यांनी नंतर नकाशावर एक रेषा काढली. त्या पंपापर्यंत आणि इतर पंपांपर्यंत चालत जाण्याचे अंतर जेथे समान होते, अशा ठिकाणांना जोडणारी ही रेषा होती. पाणी भरणारी माणसे गल्लीबोळांतून चालत जातात, हे त्या डॉक्टरांनी ओळखले होते. त्यांना एका साथीसाठी हाताने जे करावे लागले, ते आज लक्षावधी घरांसाठी करता येते.

दिवसाचे शहर आणि रात्रीचे शहर

कोबेचा भूकंप पहाटे झाला. त्या वेळी माणसे घरी होती. जनगणनेच्या नोंदीही माणूस जेथे राहतो तेथेच त्याला मोजतात. पण हाच भूकंप दुपारी झाला असता तर?

या प्रश्नाचे उत्तर ११ मार्च २०११ रोजी मिळाले. शुक्रवारी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य जपानच्या किनाऱ्याजवळ ९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामीने ईशान्येचा किनारा उद्ध्वस्त केला. टोकियो त्या केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तरी तेथील रेल्वेगाड्या थांबल्या. राजधानी परिसरात सुमारे ५१ लाख ५० हजार माणसांना त्या दिवशी घरी पोहोचता आले नाही, असा शासकीय अंदाज आहे. एवढी माणसे कोठे होती आणि कोणत्या दिशेने निघाली असती, याचे उत्तर जनगणनेच्या तक्त्यांत असणे शक्यच नव्हते.

केंद्रातील संशोधकांनी या प्रश्नाला आधीच हात घातला होता. टोकियो परिसरात साधारण दर दहा वर्षांनी प्रवासाची मोठी पाहणी होते. निवडक कुटुंबांतील प्रत्येक व्यक्ती त्या दिवशी कोठून कोठे, केव्हा आणि कोणत्या वाहनाने गेली, हे तीत नोंदविले जाते. योशिहिदे सेकिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये ‘लोकप्रवाह’ या आशयाच्या नावाने एक प्रकल्प सुरू केला. या पाहणीतील तुटक नोंदींमधील दुवे रेल्वेमार्ग आणि रस्ते यांच्या आधारे त्यांनी जोडले आणि दिवसाच्या प्रत्येक मिनिटाला माणसे कोठे असावीत, याचे चित्र उभे केले. पडद्यावर ते पाहताना शहर श्वास घेत असल्याचा भास होतो. सकाळी ठिपक्यांचे लोंढे केंद्राकडे धावतात आणि सायंकाळी ते पुन्हा उपनगरांत विखुरतात. मनिला आणि हनोई यांसारख्या आशियातील अन्य शहरांच्या पाहण्यांवरही असेच संस्कार करून ती माहिती अभ्यासकांना उपलब्ध करून देण्यात आली.

भूकंपानंतर प्रा. र्‍योसुके शिबासाकी यांच्या गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. सुमारे १६ लाख मोबाईलधारकांच्या, नावानिशी ओळख पटणार नाही अशा, वर्षभराच्या स्थाननोंदींचा त्यांनी अभ्यास केला. संकटानंतर माणसे कोठे जातात, किती काळ थांबतात, आपल्या नातलगांच्या गावाकडे केव्हा वळतात, याचे आडाखे त्यातून बांधण्यात आले.

अशा माहितीला दुधारी शस्त्र म्हणावे लागेल. माणूस रोज कोठे जातो, हे ज्याला कळते, त्याला त्या माणसाविषयी फार काही कळते. म्हणून समूहाचा प्रवाह पाहावा आणि व्यक्तीची ओळख झाकलेली राहावी, हे पथ्य या क्षेत्रात कसोशीने पाळावे लागते. समाजाचा विश्वास गमावलेले शास्त्र समाजाच्या कामी येत नाही, हे येथे विसरून चालणार नाही.

साचलेले ज्ञान वाहते ठेवणे

त्सुनामीनंतर जपानच्या शासनाने सहा प्रांतांतील किनारी गावांची तपशीलवार पाहणी केली. पाणी कोठपर्यंत आले, किती उंच चढले, कोणती इमारत टिकली, कोणती वाहून गेली, माणसे कोणत्या वाटेने निसटली, अशा असंख्य नोंदी जमल्या. या नोंदी एखाद्या मंत्रालयाच्या कपाटात पडून राहिल्या असत्या, तर त्यांचा उपयोग एका अहवालापुरताच झाला असता. त्या जतन करून संशोधकांना आणि पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांना उपलब्ध करून देण्याचे दायित्व या केंद्राने स्वीकारले.

केंद्राचे वेगळेपण याच भूमिकेत आहे. नकाशे आणि आधारसामग्री विकत घेणे एखाद्या लहान विद्यापीठातील अध्यापकाला परवडत नाही. केंद्राने ती सामग्री एकत्र केली आणि देशभरातील संशोधकांना संयुक्त संशोधनासाठी खुली केली. आपण किती संशोधन केले, यापेक्षा आपल्यामुळे इतरांना किती करता आले, हा निकष त्यामुळे महत्त्वाचा ठरला. पुढे २००७मध्ये जपानच्या संसदेने भू-स्थानिक माहितीच्या उपयोगाविषयी मूलभूत कायदाच संमत केला. ‘मिचिबिकी’ या जपानच्या स्वतःच्या स्थाननिर्देशक उपग्रहमालिकेतील पहिला उपग्रह २०१०मध्ये सोडला गेला आणि २०१८च्या नोव्हेंबरात चार उपग्रहांची सेवा रीतसर सुरू झाली. कोबेच्या ढिगाऱ्यातून घेतलेला धडा त्या देशाने दोन दशके सोडला नाही.

भारताशी जुळलेला धागा

पुढे याच केंद्रात प्राध्यापक झालेल्या सेकिमोतो यांच्या गटाने आणखी एक उपयुक्त काम केले. मोटारीच्या काचेमागे साधा मोबाईल लावायचा आणि त्याने टिपलेल्या छायाचित्रांतून रस्त्यावरील भेगा व खड्डे संगणकाने ओळखायचे. लहान नगरपालिकांना महागड्या तपासणी-वाहनांचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी ही सोय. जपानी रस्त्यांवर ती चांगली चालली. पण तीच प्रणाली अन्य देशांतील रस्त्यांवर नेली, तेव्हा तिचे अंदाज चुकू लागले.

कारण उघड आहे. रस्त्याचा पोत, खड्ड्याचे रूप, कडेची माती, ऊन-सावली, सारेच निराळे. तेव्हा आयआयटी रुरकीतील संशोधकांच्या सहभागाने भारत, जपान आणि चेक प्रजासत्ताक या तीन देशांतील रस्त्यांची २६ हजार ३३६ छायाचित्रे २०२०मध्ये संकलित करण्यात आली आणि जगातील अभ्यासकांना खुली करण्यात आली. स्थानिक छायाचित्रांची जोड मिळताच यंत्राची ओळख सुधारली. तंत्र परदेशातून आणता येते. मात्र आपल्या भूमीची माहिती आपल्यालाच गोळा करावी लागते, हा या प्रयोगाचा बोध आहे.

भारताला मोजणीची परंपरा नवी नाही. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनी पायारेषा मोजण्यास प्रारंभ केला आणि त्यातून साऱ्या उपखंडाचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभे राहिले. ते राज्यकर्त्यांच्या गरजेचे सर्वेक्षण होते आणि पुढेही दीर्घ काळ नकाशा ही सामान्य नागरिकाच्या हाती न लागणारी वस्तू राहिली. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाने नकाशे आणि भू-स्थानिक माहितीवरील बंधने मोठ्या प्रमाणात शिथिल केली आणि २०२२च्या डिसेंबरात राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण जाहीर झाले. ग्रामीण घरांच्या मालकीची नोंद करण्यासाठी ड्रोनच्या साह्याने गावठाणांची मोजणी करणारी ‘स्वामित्व’ योजना २०२०पासून सुरू झाली आहे. दार उघडले आहे. आता त्यातून आत जाणारी माणसे हवी आहेत.

कार्यकर्त्यासाठी बोध

३० सप्टेंबर १९९३ची पहाट महाराष्ट्र विसरू शकत नाही. गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना किल्लारीची माती हलली आणि दगडामातीच्या घरांखाली हजारो जीव चिरडले गेले. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही, ही वार्ता त्या बाजूने गेलेल्या एसटीच्या चालकामुळे बाहेरच्या जगाला कळली. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. चार दिवसांनी शोध थांबला, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. त्या रात्री कोण घरी होते, कोण शेतावर वा परगावी गेले होते, हे ठरवितानाच यंत्रणेला कष्ट पडले.

अशा प्रत्येक प्रसंगी मदतीला धावून जाणारे हात महाराष्ट्रात कधीच कमी पडले नाहीत. किल्लारीला ज्यांनी चिखलात उभे राहून मृतदेह काढले, त्यांच्यापैकी कित्येक जण आज साठीच्या पुढे आहेत. त्यांना विचारावे. धावून जाण्याइतकेच, कोठे धावायचे हे आधी ठाऊक असणे महत्त्वाचे असते, असेच ते सांगतील.

टोकियोसारखे केंद्र उभारणे हे विद्यापीठांचे आणि शासनाचे काम. परंतु त्या केंद्रातील सर्वांत प्रगत संगणकप्रणाली ज्या ज्ञानाचा पाठलाग करते आहे, ते ज्ञान होकुदानच्या कोळ्यांना आपसूक होते आणि वस्तीवर नित्य जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ते मिळविता येते. आपल्या वस्तीत एकटे राहणारे वृद्ध किती आणि ते कोणत्या घरात? अंथरुणाला खिळलेला रुग्ण कोणत्या मजल्यावर? पावसाळ्यात कोणती गल्ली आधी पाण्याखाली जाते? रुग्णवाहिका कोणत्या वळणावर अडकते? विहीर कोठे, शाळेची किल्ली कोणाकडे? एका रविवारी चार तरुणांनी वही आणि मोबाईल घेऊन वस्तीत फेरी मारली, तरी याचा नकाशा तयार होईल. ज्यांची माहिती घ्यायची, त्यांना विचारून ती घ्यावी, जबाबदार माणसाच्या हाती ती सोपवावी आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती तपासावी. विश्वासाने दिलेली माहिती विश्वासानेच सांभाळली पाहिजे.

घरातील मुलामुलींपैकी ज्यांना भूगोल आणि गणित या दोहोंची गोडी आहे, त्यांच्यासाठीही हे क्षेत्र खुले आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यक यांपलीकडे पालकांची दृष्टी सहसा जात नाही. पण ज्या देशात दरवर्षी कोठे ना कोठे महापूर येतो, दरड कोसळते किंवा अवर्षण पडते, त्या देशाला नकाशा वाचू शकणाऱ्या तरुणांची निकड आहे.

होकुदानमधील त्या पहाटे ज्याने ढिगारा नेमक्या जागी उपसला, त्याच्या हातात साधी कुदळ होती. शेजारच्या घरात कोण कोठे झोपते, हे ठाऊक असण्याइतका तो त्या घराशी जोडलेला होता. आपल्या वस्तीतील किती घरांविषयी आपल्याला एवढे ठाऊक आहे, हा प्रश्न प्रत्येकाने येथून जाताना सोबत न्यावा.